बँड कोणाचा? किंग ऑव्ह हेल आणि गॉर्गोरोथचं नाव

मार्च २००९मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने एका नावाचा निकाल लावला. नाव होतं 'गॉर्गोरोथ'. एका बाजूला इन्फर्नस, म्हणजे १९९२ साली हा बँड सुरू करणारा गिटारवादक. दुसऱ्या बाजूला गायक गॉल आणि बेसवादक किंग ऑव्ह हेल. या दोघांनी ऑक्टोबर २००७मध्ये इन्फर्नसला त्याच्याच बँडमधून काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं आणि किंगने नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणीही करून टाकली होती. न्यायालयाने ती नोंदणी रद्द ठरवली. इन्फर्नस स्वतःहून बाहेर पडत नाही तोवर त्याला कुणी काढू शकत नाही, आणि त्याला काढायला निघालेले हे दोघेच त्या कृतीमुळे बँडबाहेर गेले, असा निकालाचा मथितार्थ.

सैतानाच्या सेवेला निघालेली माणसं नोंदणी क्रमांकावरून सरकारी इमारतीत भांडतायत, हे चित्र गमतीचं आहे आणि त्यावर तेव्हा भरपूर हसून झालंय. त्याहून मजेदार गोष्ट अशी की ज्या नावासाठी ही मारामारी चालली होती ते दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. गॉर्गोरोथ हे टोल्कीनच्या मॉर्डोरमधलं एक पठार आहे. टोल्कीन कट्टर कॅथलिक होता. ख्रिस्ताला शिव्या घालण्यात अख्खी हयात घालवणाऱ्या बँडचं नाव रोज चर्चला जाण्यात समाधान मानणाऱ्या प्राध्यापकाच्या पुस्तकातून आलेलं.

हे सगळं घडत होतं तेव्हा मी शाळेत होतो आणि मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला गॉर्गोरोथ भेटला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, एका सीनिअरच्या हार्ड डिस्कमधून. त्यातही नेमका २००६चा अल्बम, 'अ‍ॅड माजोरेम सॅथनस ग्लोरियम'. मुंबई-गोव्याकडे जेझुइट शाळेत शिकलेल्या कुणालाही हे शीर्षक ओळखीचं वाटेल. 'ईश्वराच्या अधिक गौरवासाठी' या जेझुइटांच्या बोधवाक्यातला देव काढून तिथे सैतान बसवलाय, इतकंच. श्रेयनामावलीत संगीत किंगचं आणि शब्द गॉलचे. संस्थापक इन्फर्नस त्यावर गिटार वाजवतो. ड्रम्सवर सॅटिरिकॉनचा फ्रॉस्ट, म्हणजे पाहुणा.

खटल्याबद्दल नंतर वाचलं तेव्हा माझं मत अर्ध्या मिनिटात तयार झालं होतं. आमच्या धंद्यात कुठल्याही फाइलवर 'गिट ब्लेम' चालवलं की कुठली ओळ कुणी लिहिली ते दिसतं. गॉर्गोरोथच्या त्या अल्बमवर ते चालवलं तर जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे किंगचं नाव येईल. मग बँड त्याचा नाही तर कुणाचा? मी तेव्हा ठामपणे किंगच्या बाजूचा होतो. हा लेख त्या मतात पडलेल्या फरकाबद्दल आहे.

आधी बेसबद्दल बोलायला हवं, कारण ब्लॅक मेटलमध्ये बेसवादक असणं हीच मुळात एक विचित्र नोकरी आहे. नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेत हा आवाज घडला तो खालचा भाग कापून. गिटार पातळ, कर्कश, वरच्या पट्टीत, मधमाश्यांच्या मोहोळासारखी. ड्रम्स वेगवान. गळ्यातून किंकाळी. बेस असतो, पण तो ऐकू यायची अपेक्षा नसते. १९९४च्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'मध्ये, डार्कथ्रोनच्या त्या सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या अल्बममध्ये, बेस शोधायला कानात तेल घालून बसावं लागतं.

जिथे बेस ऐकू येतो तिथेही त्याची कथा सरळ नसते. त्याच वर्षी आलेल्या मेहेमच्या 'दे मिस्टेरीस डॉम सॅथनस'वर बेस वाजवलाय वर्ग व्हिकर्नेसने. ऑगस्ट १९९३मध्ये त्याने याच अल्बमवरच्या गिटारवादकाचा, युरॉनिमसचा, खून केला. मयताच्या आईवडिलांनी विनंती केली होती की तो बेस तेवढा काढून टाका. तो राहिला. खुनी आणि ज्याचा खून झाला तो, दोघं त्या रेकॉर्डवर आजही एकत्र वाजतात. या संगीतप्रकाराबद्दल लिहिताना 'केवळ संगीत' असा बचाव मला म्हणूनच करवत नाही. त्या मंडळींनी जाळलेली लाकडी चर्चेस शेकडो वर्षं जुनी होती. आपल्याकडे कुणी हेमाडपंती देऊळ पेटवलं आणि त्याला कलेचं नाव दिलं तर मी त्याच्या रेकॉर्डी ऐकत बसेन का? प्रश्न मला पडतो, आणि तरी मी ऐकतो. एवढं कबूल करून पुढे जातो.

किंग, खरं नाव टॉम काटो व्हिस्नेस, या पहिल्या पिढीचा नाही. जाळपोळ, खून, अटका होऊन गेल्यावर, १९९९च्या आसपास तो गॉर्गोरोथमध्ये आला. बर्गनचा माणूस. (टोपणनावातल्या 'ऑफ'च्या जागी त्याने मुद्दाम व्ही लावलाय. देवनागरीत ही खोडी दिसतच नाही, आपण 'ऑव्ह' असंच म्हणतो.) तोवर बँडचे चार अल्बम झालेले. 'पेंटाग्रॅम', 'अँटिख्राइस्ट', 'अंडर द साइन ऑफ हेल', 'डिस्ट्रॉयर'. सगळे इन्फर्नसच्या सावलीतले, ओबडधोबड, काही ठिकाणी कानाला लागणारे आणि काही ठिकाणी फार सुंदर. २०००च्या 'इन्सिपिट सेटन'पासून किंग श्रेयनामावलीत दिसू लागतो. २००३च्या 'ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स'मध्ये संगीताचा मोठा भाग त्याचा आणि ड्रमवादक क्वित्राव्नचा आहे. हा क्वित्राव्न म्हणजे पुढे 'वार्ड्रुना' काढून जुन्या नॉर्स वाद्यांवर गाणारा एनार सेल्विक. मेटल न ऐकणाऱ्यांनीही त्याला ऐकलेलं असतं, आणि त्याची सुरुवात इथली आहे हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं.

'ट्वायलाइट'मध्ये किंग अजून चाचपडतोय. चाली वेगवान आहेत, पण एकीतून दुसरीत जाताना सांधा खडखडतो. तीन वर्षांनी आलेल्या 'अ‍ॅड माजोरेम'मध्ये हा सांधा नाहीसा झालाय. आठ गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्धा तास. एकेका गाण्यात दोन किंवा तीन कल्पना, त्याहून जास्त नाहीत. 'कार्व्हिंग अ जायंट' ऐकताना लक्षात येतं की त्याचा जोर वेगात नसून थांबण्यात आहे. स्वरसमूह वाजतो आणि तो विरेपर्यंत गाणं वाट बघतं, मगच पुढचा येतो. ब्लॅक मेटलचा गिटारवादक बहुधा जागा रिकामी ठेवत नाही, त्याचा उजवा हात सतत थरथरत असतो. इथे जागा आहे. ही चाल बेसवादकाने बांधली आहे असं मला ऐकताना वाटतं. तळाला कुठला स्वर आहे हे आधी ठरलंय आणि वरचा आवाज नंतर त्यावर चढवलाय. 'साइन ऑफ अ‍ॅन ओपन आय' तर सरळसरळ संथ आहे. एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरते, गॉल तिच्यावर किंचाळण्यापेक्षा मंत्र म्हटल्यासारखा बोलतो, आणि या धिम्या गाण्याच्या दोन्ही बाजूंना भरधाव गाणी असल्यामुळे ते अल्बमच्या मध्यावर वजनासारखं बसतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सबमिशनची रात्र होती आणि मी ते सात-आठ वेळा परत लावलं. जर्नल पूर्ण झालं नाही.

अल्बमच्या आधी दोन वर्षं एक प्रसंग घडला होता, ज्यामुळे बँडचं नाव संगीताबाहेरही गेलं. १ फेब्रुवारी २००४, पोलंडमधलं क्राकूव्ह, एका टीव्ही स्टुडिओत डीव्हीडीसाठी चित्रीकरण. मंचावर सुळांवर खोचलेली मेंढ्यांची मुंडकी, मेंढ्यांचं ८० लिटर रक्त, आणि क्रुसांवर बांधलेली नग्न माणसं, डोक्यावर फडकी घातलेली. पोप जॉन पॉल दुसरा जिथला आर्चबिशप होता ते हे शहर. पोलिस आले, चित्रीकरण जप्त झालं, चौकशी लागली. (धार्मिक भावना दुखावणं हा पोलंडमध्येही गुन्हा आहे, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला जरा घरच्यासारखं वाटेल.) शेवटी दंड झाला तो स्थानिक आयोजकाला, बँडला नाही. रेकॉर्ड कंपनीने मात्र त्यांना सोडलं. चित्रीकरण २००८मध्ये 'ब्लॅक मास क्राकूव्ह' म्हणून बाजारात आलं.

मी ती डीव्हीडी दोनदा पाहिली आहे. पहिल्यांदा हॉस्टेलवर घोळक्यात, आणि दुसऱ्यांदा या लेखासाठी, एकट्याने, आवाज बंद करून. आवाज बंद केला की लक्षात येतं, क्रुसावरची माणसं तासभर काहीच करत नाहीत. ती सजावट आहेत. सादरीकरण भीतीदायक व्हावं म्हणून उभं केलेलं सामान थोड्या वेळाने निव्वळ सामान होऊन बसतं, आणि कोपऱ्यात बेस धरून उभा असलेला माणूस मात्र त्याचं काम करत राहतो. 'अ‍ॅड माजोरेम'च्या अर्ध्या तासात या सामानातलं काहीही नाही आणि तो कितीतरी जास्त भयाण आहे. किंगला संगीतकार म्हणून जे कळलं होतं ते त्याच्या बँडला मंचावर कळलेलं नव्हतं, असं माझं मत आहे. तोही त्याच मंचावर होता, हेही खरं.

आता फारकत. २००८मध्ये दोन गॉर्गोरोथ होते, एक इन्फर्नसचा आणि एक या दोघांचा. ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या वाकन महोत्सवात दोघांचा गॉर्गोरोथ वाजवून गेला. मार्चमध्ये निकाल लागल्यावर त्यांनी नवं नाव घेतलं, 'गॉड सीड'. तेही 'अ‍ॅड माजोरेम'मधल्या एका गाण्याच्या शीर्षकातून.

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कुणीही उचलून पुढे नेऊ शकतो, पण नावावर ट्रेडमार्क असतो आणि नाव नेता येत नाही. २०११मध्ये 'हडसन' नावाच्या प्रणालीच्या बाबतीत हेच झालं. ऑरॅकलने नावावर हक्क सांगितला, लिहिणारी मंडळी उठली आणि त्याच कोडला 'जेन्किन्स' म्हणू लागली. आज हडसन कुणाला आठवत नाही आणि जेन्किन्समुळे माझ्यासारख्या हजारोंची शुक्रवार संध्याकाळ खराब होते. लिहिणारे जिथे गेले तिथे वापरणारे गेले. किंगची अपेक्षा अशीच काहीतरी असणार. गाण्यांचं श्रेय त्याचंच होतं, ते कुठलाही निकाल काढून घेऊ शकत नव्हता. गायकही त्याच्याबरोबर होता, आणि बँडमध्ये लोक चेहऱ्याने ओळखतात तो गायकालाच.

पण ऐकणारे गेले नाहीत. किंवा गेले ते पाहुण्यासारखे.

इथे माझी एक गोष्ट मध्ये येते, ती थोडक्यात सांगतो. आधीच्या नोकरीत मी तीन वर्षं एकाच प्रणालीवर काम केलं. त्यातला मोठा भाग मी लिहिला होता, आणि ज्याने ती सुरू केली होती तो तोवर फक्त मीटिंगांना असायचा. नोकरी सोडताना माझी खात्री होती की आता ती कोसळेल. ती कोसळली नाही. उलट नव्या ठिकाणी, कोऱ्या पाटीवर, मी त्याच प्रकारचं काम करायला घेतलं तेव्हा ते फुसकं झालं. बराच काळ मी त्याचं कारण वेगवेगळ्या माणसांमध्ये शोधत होतो. किंगचे नंतरचे अल्बम ओळीने ऐकले तेव्हा मला ते जरा अस्वस्थ करणाऱ्या पद्धतीने सापडलं.

निकालानंतर काही महिन्यांतच गॉल बाजूला झाला. किंगने हाताशी असलेली गाणी घेऊन डिम्मू बोर्गिरच्या शाग्रथला गायला बोलावलं आणि 'ओव्ह हेल' या नावाने २०१०मध्ये 'द अंडरवर्ल्ड रेजिम' काढला. ड्रम्सवर पुन्हा फ्रॉस्ट. कागदावर ही संघनिवड अशी की कुणीही तिकीट काढावं. ऐकायला मात्र तो अल्बम नीटनेटका आहे, आणि नीटनेटका याहून वाईट शब्द ब्लॅक मेटलसाठी मला सुचत नाही. चाली किंगच्याच आहेत, ओळखू येतात. ती थांबण्याची लकबही आहे. पण 'कार्व्हिंग अ जायंट'मध्ये थांबल्यावर पोटात खड्डा पडायचा, इथे नुसतं थांबलेलं असतं.

मग गॉल परतला आणि २०१२मध्ये गॉड सीडचा 'आय बिगिन' आला. हा कितीतरी चांगला आहे. त्यात सत्तरीच्या सायकेडेलिक रॉकमधून आल्यासारखी कीबोर्ड्स आहेत, नॉर्वेजियन शब्दांची गाणी आहेत, 'आल्ट लिव्ह'सारखं जड पावलांनी चालणारं गाणं आहे. मला तो आवडतो. पण त्यात सगळं करून बघायची घाई दिसते. आता आपल्याला अडवायला कुणी नाही, म्हणून हेही घेऊ आणि तेही. शीर्षक 'माझी सुरुवात' असं सांगतं आणि तो एकच अल्बम निघाला. २०१५पर्यंत गॉड सीडही संपला होता.

यातून मला जे दिसतं ते असं. 'अ‍ॅड माजोरेम'मध्ये किंग स्वतःच्या घरात राहत नव्हता. तो दुसऱ्याच्या जुन्या, कळकट, अरुंद घरात राहत होता. इन्फर्नसने चार अल्बमांतून ठरवून ठेवलेलं होतं की गॉर्गोरोथमध्ये काय चालत नाही. कीबोर्डचा गोडवा नाही, लांबण नाही, कौशल्याचं प्रदर्शन नाही. लिहिणारा किंग होता, पण काय लिहायचं नाही हे आधीच लिहून झालेलं होतं, आणि त्यावर कुठेही इन्फर्नसचं श्रेय छापलेलं नाही. छापणार तरी कसं? 'गिट ब्लेम'मध्ये लिहिलेल्या ओळी दिसतात. न लिहिलेल्या ओळी कुणी अडवल्या ते कुठल्याच नोंदीत नसतं.

उलटतपासणी म्हणून २००९चा इन्फर्नसचा अल्बम ऐका. नाव 'क्वान्टोस पोसुंट अ‍ॅड सॅटनिटातेम ट्राहुंट'. नवा ताफा, जुना गायक पेस्ट परत आलेला, बेसवर ऑबिच्युअरीचा दिवंगत फ्रँक वॉटकिन्स, संगीत इन्फर्नसचं. न्यायालयात जिंकलेल्या माणसाचा अल्बम. पहिल्या मिनिटात कळतं की हा गॉर्गोरोथ आहे. शेवटच्या मिनिटापर्यंत त्यापलीकडे फारसं काही कळत नाही. घर आहे, नियम आहेत, आणि त्यात राहायला आलेला बंडखोर भाडेकरू नाही. म्हणजे निकाल योग्य होता, आणि त्या निकालाने दोन्ही पक्षांचं सर्वोत्तम काम मागे राहिलं. यात मला विरोधाभास वाटत नाही. न्यायालयासमोर प्रश्न नावाचा होता, चांगल्या गाण्यांचा नव्हता.

किंगची बाकीची कारकीर्द याच नजरेने पाहिली तर तिचा आकार दिसू लागतो. तो नेहमी दुसऱ्याच्या घरात बरा वाजतो. २००६ हे एकच साल घ्या. गॉर्गोरोथ आहेच. शिवाय 'साग' या बर्गनच्या बँडचा पहिला अल्बम, सरळ ब्लॅक सॅबथच्या वंशातला, आणि तिथे त्याचा बेस जाड, उबदार, पहिल्या पट्टीपासून ऐकू येणारा. क्वित्राव्नबरोबर 'योतुनस्पोर'. आणि इमॉर्टलच्या अबाथने काढलेला 'आय' हा बँड, ज्याचा 'बिट्वीन टू वर्ल्ड्स' बाथरीला वाहिलेल्या आदरांजलीसारखा वाजतो आणि ज्यात किंग मुकाट्याने तळ सांभाळतो. एका वर्षात चार घरं. त्याआधी 'ऑड्री हॉर्न' या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवरही तोच. त्या अल्बमचं शीर्षक डेव्हिड लिंचच्या सिनेमातून घेतलेलं, 'नो आय बांदा', म्हणजे 'इथे बँड नाहीच'. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्याला तेव्हा कल्पना नसावी.

कारण २०१५मध्ये तोच खेळ दुसऱ्यांदा झाला. अबाथ आणि त्याचे इमॉर्टलमधले जोडीदार डेमोनाझ व होर्घ यांच्यात 'इमॉर्टल' या नावावरून ट्रेडमार्कचीच भांडणं झाली. नाव जोडीदारांकडे गेलं. अबाथने स्वतःच्या नावाने बँड काढला आणि बेसवर कोण, तर किंग. जानेवारी २०१६मध्ये आलेला 'अबाथ' मी हॉस्टेलवर अगदी ताजा ऐकलेला पहिला नॉर्वेजियन अल्बम, त्यामुळे माझं मत त्याबाबतीत हळवं आहे. तो दणदणीत आहे. किंगला पुन्हा एक मालक मिळालेला आहे, पुन्हा कुणीतरी आधीच ठरवलेल्या सीमा आहेत, आणि त्याच्या हातात ती जुनी खात्री परत आलेली ऐकू येते. २०१८मध्ये तो तिथूनही बाहेर पडला.

आता राहिलं वाकनचं ते २००८चं ध्वनिमुद्रण. ते वाजवलं गेलं तेव्हा मंचावरचा बँड गॉर्गोरोथ होता, तिकीट काढलेल्यांच्या लेखी गॉर्गोरोथ, पोस्टरवर गॉर्गोरोथ. २०१२मध्ये ते विक्रीला आलं तेव्हा मुखपृष्ठावर 'गॉड सीड' छापलेलं होतं. मधल्या काळात एकही स्वर बदललेला नव्हता. माझ्या हार्ड डिस्कवर प्रत्येक गाण्याच्या फाइलला कलाकाराच्या नावाची एक चौकट असते आणि मी असल्या बाबतीत जरा काटेकोर आहे. या फाइलींच्या चौकटीत मी आजवर तीन वेळा नाव बदललंय. गेल्या महिन्यात ती रिकामी केली. आता प्लेअर त्यांना 'अज्ञात कलाकार' म्हणून यादीच्या अगदी तळाला टाकतो, आणि 'साइन ऑफ अ‍ॅन ओपन आय' ऐकायचं झालं की तिथवर खाली जावं लागतं.